ताप कुठून आला, ते सांगा!

मृगाचा पाऊस धरला, राब हिरवा झाला, की पालघर जिल्ह्यातल्या शिरगावची खाचरे माणसांनी भरून जातात. आवणीला उतरलेली बाई सकाळी चिखलात पाय घालते तो दिवेलागणीलाच बाहेर काढते. तिच्या टाचांना भेगा असतात, पोटऱ्यांवर धसकटांचे ओरखडे असतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात. ज्या बांधावर ती न्याहारीला टेकते त्याच बांधात उंदरांची बिळे आहेत. रात्रीच्या पावसाने बिळांत पाणी शिरले की उंदीर वर येतात आणि त्यांची लघवी त्या साचल्या पाण्यात उतरते. त्या लघवीतून लेप्टोस्पायरा नावाचा जंतू खाचरात येतो आणि भेगेतून, ओरखड्यातून, चिखलीतून बाईच्या रक्तात शिरतो. बहुधा पाच ते चौदा दिवसांत ताप भरतो. डोळे लाल होतात, पोटऱ्या अशा ठणकतात की पाऊल टाकवत नाही. कुणाचा ताप आठवड्याभरात उतरतो. कुणाला कावीळ होते, लघवी बंद होते, फुप्फुसांत रक्त उतरते. मग गावात एक वाक्य फिरते: ताप आला, कावीळ झाली आणि गेली.

माणसाचा शेवट असा तीन क्रियापदांत गुंडाळून ठेवणारा समाज स्वतःला जागा म्हणवतो कसा? कोणत्या जंतूने मारले, तो कोणत्या जनावराच्या मूत्रपिंडात वाढला, कोणत्या पाण्यातून आला, पुढच्या आठवड्यात शेजारच्या पाड्यावर कुणाला गाठणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यात नाही. उत्तर नाही म्हणून कुणाची झोपही उडत नाही. गाव म्हणते नशीब, भगत म्हणतो बाधा, सरकारी कागद म्हणतो ‘संशयित’. आमचे भांडण या तिन्ही शब्दांशी आहे आणि तिसऱ्याशी सर्वांत जास्त आहे. पहिले दोन शब्द अज्ञानातून येतात. तिसरा मात्र ज्ञान हाताशी असताना लिहिला जातो.

या ‘संशयित’ शब्दाचा प्रवास पाहा. तापाच्या पहिल्या दिवशी दुकानातून गोळी येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगारा किंवा खासगी दवाखान्यातली सुई. चौथ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे चाचणीच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पडतो. ही पट्टी जंतू शोधत नाही. जंतूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये ती शोधते, आणि ती पुरेशी तयार व्हायला आठवडाभर लागतो. म्हणजे ज्या दिवसांत जंतू रक्तात खेळत असतो, नेमक्या त्याच दिवसांत पट्टी कोरी राहण्याची शक्यता सर्वांत मोठी. कागदावर ‘निगेटिव्ह’ लिहिले जाते आणि माणूस पुन्हा पाण्यात उतरतो, कारण आवणी थांबत नाही आणि मजुरीही. पुढे प्रकृती ढासळली की गाडी निघते, कधी मुंबईकडे, कधी सेल्वासकडे, कधी वलसाडकडे. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, नवी सुई, नवे रक्त. तोवर प्रतिजैविकाने रक्तातला जंतू मारलेला असतो. रोगी वाचला तर त्याहून मोठा आनंद नाही. पण ज्याने त्याला गाठले तो आपली ओळख न सांगता निसटला, आणि त्याचे भाऊबंद शिरगावच्या त्याच खाचरात, त्याच ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे जिवंत बसून आहेत.

या जंतूची पहिली ओळखच चुकलेल्या कागदातून झाली, हे वाचकांना ठाऊक असावे. १९०७ मध्ये स्टिमसन नावाच्या अमेरिकी संशोधकाने एका मृताच्या मूत्रपिंडाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तो माणूस पीतज्वराने मेला असे नोंदले होते. स्टिमसनला दिसले ते बारीक, पीळदार, टोकाला आकड्यासारखे वळलेले जंतू. प्रश्नचिन्हासारखा आकार पाहून त्याने नाव दिले ‘इंटरोगान्स’, म्हणजे प्रश्न विचारणारा. पुढे १९१५ च्या सुमारास जपानमध्ये इनादा आणि इदो यांनी हाच वर्ग आजाराचे कारण असल्याचे सिद्ध केले आणि लवकरच उंदराचेही नाव पुढे आले. शंभर वर्षे उलटून गेली. प्रश्नचिन्हाच्या आकाराचा तो जंतू आजही आमच्या खाचरांतून प्रश्न विचारतो आहे, आणि आम्ही त्याला पीतज्वराऐवजी ‘ताप’ म्हणून मोकळे होतो.

आता जे ज्ञान हाताशी आहे म्हणून आम्ही ओरडतो आहोत ते काय, ते स्वच्छ सांगतो. लेप्टोस्पायरा म्हणजे एक जंतू नव्हे, ते मोठे गोत आहे. त्याचे अडीचशेंहून अधिक उपप्रकार रक्तजलाच्या चाचणीने वेगळे काढलेले आहेत. ही जुनी चाचणी १९१८ मध्ये मार्टिन आणि पेटी यांनी घालून दिली. तिला जिवंत जंतूंचे संच वर्षानुवर्षे सांभाळावे लागतात, आठवड्यांच्या अंतराने दोनदा रक्त लागते, आणि इतके करून ती जे सांगते त्यात उपप्रकारांची सरमिसळ होते. जनुकीय वर्गीकरणाने हा घोळ मोडला. १९९८ मध्ये मार्टिन मेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूज्वराच्या जंतूसाठी जी पद्धत रूढ केली तीच लेप्टोस्पायरालाही लावता येते. जंतूच्या सुमारे ४६ लाख अक्षरांच्या जनुकीय पोथीतून सात जनुके निवडायची. ही जुनी, जंतूच्या रोजच्या जगण्याला लागणारी जनुके. ती सहसा बदलत नाहीत, बदलली तर थोडी. प्रत्येकातला साधारण चार-पाचशे अक्षरांचा तुकडा वाचायचा. प्रत्येक वेगळ्या तुकड्याला आकडा द्यायचा. सात जनुकांचे सात आकडे एका ओळीत लिहिले की त्या जंतूचा जनुकीय प्रकार ठरला. बँकॉकमध्ये वाचा, परळला वाचा की पुण्यात वाचा, आकडे तेच येतात. रोग्याच्या रक्तातल्या जंतूचे सात आकडे आणि बांधावरच्या उंदराच्या मूत्रपिंडातल्या जंतूचे सात आकडे जुळले की तपासाचा धागा हाती लागला. संपूर्ण जनुकक्रम वाचला तर तो धागा आणखी पक्का होतो.

हे स्वप्नरंजन आहे असे म्हणणाऱ्यांनी थायलंडकडे पाहावे. ईशान्य थायलंड म्हणजे आपल्यासारखाच भातशेतीचा, चिखलात राबणाऱ्या गरिबांचा मुलूख. तिथे १९९९ ते २००३ या काळात लेप्टोची साथ वर्षानुवर्षे हटली नाही. साथ का टिकली, कुणालाच कळेना. उदोन थानी इथल्या रुग्णालयाने २००० ते २००५ मध्ये तापाने आलेल्या रोग्यांच्या रक्तातून जंतू वाढवले आणि सात जनुकांची पद्धत बसवून त्यांचे प्रकार पाडले. १०१ जंतूंमध्ये बारा प्रकार निघाले. त्यातले ७७ एकाच प्रकाराचे होते, एसटी ३४. मग त्या भागात पकडलेल्या उंदीर-घुशींकडे वळले, तर त्यांच्यातून मिळालेल्या आठ जंतूंपैकी सातांची खूण तीच! साथ ओसरत गेली तसा रोग्यांमधला त्या प्रकाराचा वाटाही घसरला, सुरुवातीच्या ८६ टक्क्यांवरून २००५ पर्यंत ५६ टक्क्यांवर आला. म्हणजे अनेक जंतूंचा तो सुटा सुटा गोंधळ नव्हता. एकच यशस्वी वंश कुरतडणाऱ्या प्राण्यांत पसरला होता आणि हजारो शेतकऱ्यांना आडवे पाडत होता. २००७ मध्ये हे निष्कर्ष छापून आले, जगाने वाचले. शिरगावात, केळव्यात, बोईसरच्या नाल्याकाठी, विक्रमगडच्या पाड्यावर कोणता वंश राज्य करतो आहे? असा अहवाल या भागातल्या एकाही घराच्या हाती पडल्याचे आम्ही आजवर ऐकलेले नाही.

कुणी म्हणेल, प्रकार कळून काय करायचे? औषध तर एकच. हा प्रश्न आम्हाला चार शहाण्या माणसांनी विचारला आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. खाटेवरच्या रोग्याला प्रकाराशी देणेघेणे नाही, हे शंभर टक्के खरे. त्याला पेनिसिलिन, डॉक्सिसायक्लिन किंवा सेफ्ट्रिअॅक्सोन वेळेत मिळाले पाहिजे. संशय आला की औषध सुरू झाले पाहिजे, अहवालाची वाट पाहत एक तासही जाता कामा नये. फुप्फुसांत रक्त उतरू लागले की निम्म्याहून अधिक रोगी दगावू शकतात, तिथे तास मोजले जातात. पण प्रकार हवा आहे तो अजून खाटेवर न आलेल्या माणसासाठी. उंदरात सहसा एक वंश राहतो, गाई-म्हशींत दुसरा, डुकरात तिसरा, कुत्र्यात चौथा. रोग्यांतला वंश उंदरांचा निघाला तर बांधावरची बिळे, भाताची कोठारे आणि चाळीमागचा कचरा यांच्यावर तुटून पडायचे. गुरांचा निघाला तर उंदीर मारून काहीच साधणार नाही. गोठ्यातले सांडपाणी विहिरीकडे वाहते का ते पाहावे लागेल, पशुवैद्य बोलवावा लागेल. सातपाटीच्या माशांच्या लिलावाजवळच्या गटारातला ताप आणि शिरगावच्या खाचरातला ताप एकच आहे की दोन, हे कळले तर फवारणीवाल्याला, आशाताईला, सरपंचाला कुठे धावायचे ते कळेल. खाऱ्या पाण्यात हा जंतू फार काळ तग धरत नाही. तेव्हा समुद्रावर जाणाऱ्या नाखव्याला ताप आला तर तो दर्यातून आला नाही, बंदराच्या गोड्या चिखलातून किंवा घरामागच्या डबक्यातून आला असण्याचीच शक्यता जास्त. ही एवढी साधी गोष्टसुद्धा आज अंदाजावर सोडून दिलेली आहे.

स्रोत कळला नाही की सरकार काय करते, याचा धडा आपल्या मुंबई-पुण्याने रक्ताने गिरवला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. रोग कुठून कुठे आणि कशाने जातो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. मग काय केले? १८९७ चा साथरोग कायदा आला. सोजीर घरात शिरले, बिछाने जाळले, भिंती खणल्या, बायकामाणसांना रस्त्यावर उभे केले. पिसू मात्र उंदराच्या अंगावर बसून खुशाल या वाड्यातून त्या वाड्यात जात राहिली. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. जूनमध्ये पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे १९०५ पासून प्लेग आयोगाने मुंबईत एक-एक उंदीर कुठल्या घरात सापडला याची नोंद केली, गिनीपिगांचे पिंजरे पिसवांनी भरलेल्या खोल्यांत जमिनीवर आणि अधांतरी टांगून तुलना केली, आणि उंदराची पिसूच गुन्हेगार ठरवली. तेव्हा कुठे माणसांच्या घरांवरची धाड थांबवायला शास्त्रीय आधार मिळाला. आमचे म्हणणे हेच आहे: स्रोत अंधारात राहिला की सत्तेचा दांडका गरिबाच्या पाठीवर पडतो. आज दांडक्याची जागा उपदेशाने घेतली आहे. स्वच्छ राहा, अनवाणी फिरू नका, गमबूट घाला, असे फलक पावसाळ्याच्या तोंडावर लागतात. गमबूट घालून आवणी करून दाखवावी! गुडघाभर चिखलात बूट रुतून बसतो आणि पाय तेवढा वर येतो, हे ज्याने खाचर पाहिले त्याला ठाऊक आहे. जो उपाय शेतात टिकत नाही तो सांगायचा आणि माणूस मेला की त्याच्या निष्काळजीपणावर बोट ठेवायचे, हा अन्याय आम्ही आणखी एकही पावसाळा सहन करणार नाही.

जनुकीय पुराव्याची किंमत महाराष्ट्राने तर स्वतः मोजली आहे. १९९४ च्या ऑगस्टअखेर बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठींच्या प्लेगच्या बातम्या आल्या. पाठोपाठ सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग. लाखो माणसे सुरत सोडून पळाली. पळणाऱ्यांनी खचाखच भरलेल्या मुंबईच्या गाड्या आमच्याच डहाणू, बोईसर, पालघरवरून धडधडत गेल्या. जगाने भारतीय विमाने अडवली, माल अडवला, अब्जावधींचे नुकसान झाले. मृतांचा आकडा मात्र पन्नासच्या आसपास होता. आणि एवढे होऊनही देश वाद घालत बसला की हा प्लेग होताच की नाही! कुणी दुसऱ्या जंतूचे नाव घेतले, कुणी विषाणूचे. प्रा. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पुढे बीड आणि सुरतेच्या नमुन्यांवर जनुकीय काम झाले, १९९६ मध्ये काही निष्कर्ष छापले गेले, २००० मध्ये हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातून जनुकीय अनुक्रमाचा पुरावा आला: प्लेगचाच जंतू. चाचणी नेमकी होती, पण उशिरा आली. साथ हटून वर्षे लोटल्यावर आलेल्या उत्तराने ना विमान थांबायचे राहिले, ना सुरतेतून पळणारा हिरेकामगार. सुरतेने निदान पुढे एक केले. आयुक्त एस. आर. राव यांनी १९९५ पासून शहराचा कचरा असा उचलला की देश पाहत राहिला. आपण बीडमधून काय शिकलो?

विसरण्यात आपण भलते तरबेज आहोत. अंदमानात १९८८ पासून तापाच्या साथी येऊ लागल्या, माणसे रक्त ओकून मरू लागली. आजाराला नाव मिळाले ‘अंदमान रक्तस्रावी ताप’, जणू हे काही नवेच अरिष्ट! नव्वदच्या दशकाच्या मध्याला पोर्ट ब्लेअरच्या संशोधन केंद्राने सिद्ध केले की हा लेप्टो आहे. आणि खरी लाज पुढेच आहे. टेलर आणि गोयल यांनी याच अंदमानातला लेप्टो १९३१ मध्येच छापून ठेवला होता. साठ वर्षे तो कागद धूळ खात पडला आणि माणसे पुन्हा नव्याने मेली. जो देश आपल्या मृत्यूंची नोंद नीट ठेवत नाही त्याला प्रत्येक रोग दर पिढीला नवा वाटतो.

त्या पोर्ट ब्लेअरच्या केंद्राने आणखी एक काम केले, त्याची शिरगावने नोंद घ्यावी. जोखमीच्या लोकांना पावसाळ्यात आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन देऊन पाहिले. संसर्ग थांबला नाही, पण आजार अंगावर येण्याचे प्रमाण घटले. आमच्या शेजारी दक्षिण गुजरातने, सुरत, नवसारी, वलसाडने नव्वदच्या दशकापासून लेप्टोचे पावसाळे सोसले आहेत आणि शेतमजुरांना अशा गोळ्या वाटल्याही आहेत. वलसाड म्हणजे परदेश नव्हे. तलासरी ओलांडली की उंबरगाव. आमचे वारली, कोकणा, काथोडी बांधव त्या बाजूला उसाला जातात, वीटभट्टीला जातात, वापीच्या कारखान्यात जातात. त्यांच्यासोबत ताप ये-जा करतो. मग प्रश्न सरळ आहे: तलासरीतला जंतू आणि वलसाडचा जंतू एकाच वंशाचे आहेत काय? असतील तर दोन राज्यांना दोन वेगळ्या योजना कशाला? नसतील तर आपला वंश कुठून आला? हे सात आकड्यांनी सुटणारे कोडे आहे. राज्याच्या सीमेवर रोग थांबतो आणि फाइलही थांबते, या समजुतीवर चालणारी व्यवस्था बदलल्याशिवाय त्याचे उत्तर मिळणार नाही.

पैशाचे रडगाणे आम्हाला ऐकवू नका. करोनाच्या काळात डिसेंबर २०२० मध्ये देशभरातल्या प्रयोगशाळांची जनुकक्रम वाचणारी साखळी उभी राहिली. २०२१ मध्ये मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयात जनुकक्रम वाचणारी प्रयोगशाळा सुरू झाली. महिन्यामहिन्याला विषाणूच्या नव्या प्रकारांची नावे टीव्हीवर घराघरात पोचली, पोरेसोरेसुद्धा ‘डेल्टा’ आणि ‘ओमायक्रॉन’ म्हणू लागली. तेव्हा यंत्र होते, माणसे होती, इच्छा होती. तो रोग विमानाने आला होता आणि उंच इमारतींतही शिरला होता. लेप्टो खाचरात राहतो, गटारात राहतो, चाळीच्या मागच्या बोळात राहतो. इच्छेचा झरा नेमका इथेच का आटतो, याचे उत्तर राज्यकर्त्यांनी द्यावे. जगभरात दरवर्षी सुमारे १० लाखांना लेप्टो होतो आणि जवळपास ५९ हजार माणसे मरतात असा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यांत सर्वाधिक भरणा वीस ते एकोणपन्नास वयाच्या पुरुषांचा, म्हणजे कमावत्या हातांचा. यांच्या मृत्यूवर टीव्हीवर चर्चा होत नाही, म्हणून हे मृत्यू हलके ठरतात काय?

परळ ते चिंचपोकळी या चार पावलांत काय काय उभे आहे ते मोजा. १८९९ पासून परळला असलेली आणि आज हाफकिन या नावाने ओळखली जाणारी संस्था. १८८६ चे पशुवैद्यक महाविद्यालय. केईएम. कस्तुरबा. माणसाचा वैद्य, जनावराचा वैद्य, जंतूचा अभ्यासक आणि जनुक वाचणारे यंत्र, सगळे एकमेकांपासून टॅक्सीच्या एका फेरीवर. डहाणू लोकल २०१३ पासून धावते. सकाळी पालघरहून निघालेली रक्ताची नळी दुपारपर्यंत तिथे पोचू शकते. नागपुरात ‘एक आरोग्य’ या कल्पनेची राष्ट्रीय संस्था उभी राहावी म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये पायाभरणीही झाली. कल्पना उत्तमच आहे: माणूस, जनावर आणि पर्यावरण यांचे आरोग्य एकत्र पाहायचे. आम्ही तिचे मनापासून स्वागत करतो. पण या कल्पनेची खरी परीक्षा शिरगावच्या बांधावर आहे. तिथे माणसाच्या तापाचा कागद आरोग्य खात्याकडे जातो, म्हशीच्या गर्भपाताचा पशुसंवर्धनाकडे, उंदराचा कृषी खात्याकडे आणि नाल्याचा ग्रामपंचायतीकडे किंवा एमआयडीसीकडे. जंतू एकच, खाती चार. चारही कागद एका टेबलावर आले नाहीत तर नागपूरची इमारत कितीही भव्य झाली तरी बांधावरच्या बाईला तिचा उपयोग नाही.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला तेव्हा आदिवासींच्या आरोग्याचे नाव घेतले गेले होते. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याकडे आमचे मागणे अगदी नेमके आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत, निवडक आरोग्य केंद्रांवर, तापाच्या पहिल्या आठवड्यात आलेल्या आणि लेप्टोचा संशय असलेल्या रोग्याचे रक्त औषधाची पहिली मात्रा देण्याच्या आधी घ्यावे. घ्यायला दोन मिनिटे लागतात, औषध त्यामुळे थांबत नाही. एक नळी पीसीआरसाठी. दुसऱ्या नळीत ईएमजेएच हे पोषक द्रव आधीच भरलेले असावे आणि त्यात रक्ताचे थोडे थेंब टाकावेत. ही नळी बर्फात ठेवायची नाही! लसींची सवय लागलेले हात प्रत्येक गोष्ट शीतपेटीत टाकतात आणि हा जंतू थंडीत मरगळतो. त्याला साधे हवेचे तापमान मानवते. प्रयोगशाळेत तो वाढायला आठवडे लागतात, कधी तीन महिने. तितका धीर आणि तितके कर्मचारी द्यावे लागतील. सगळ्या नळ्यांतून जंतू मिळणार नाही, बहुतेकींतून मिळणारच नाही, आणि थेट रक्तातून प्रकार काढायचा तर जंतूचे डीएनए अनेकदा अपुरे पडते. म्हणूनच दहा-पंधरा नळ्या पाठवून ‘काही सापडले नाही’ असा निष्कर्ष काढणे ही फसवणूक ठरेल. शेकडो नळ्या, सलग काही पावसाळे, त्याच गावांतून. त्याच जोडीला रोग्याच्या शेताभोवती पिंजरे लावून उंदीर-घुशी पकडाव्यात, गोठ्यातल्या जनावरांची लघवी घ्यावी, कुत्र्यांची घ्यावी. पशुवैद्य आणि आरोग्यसेवक एकाच जीपमधून जावेत.

समाजालाही आम्ही सोडणार नाही. तापलेल्या माणसाला आधी अंगारा लावणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की पहिला आठवडा गमावला तर माणूसही जातो आणि पुरावाही. भगताविषयी लोकांच्या मनात भाव आहे. त्या भगतानेच “आधी केंद्रावर जा, रक्त दे, मग माझ्याकडे ये” असे म्हटले तर त्याचा मान वाढेल. मजुराला चिखलात उतरवणाऱ्या शेतमालकाने त्याच्या जखमेवर पट्टी, संध्याकाळी पाय धुवायला साबण आणि स्वच्छ पाणी ठेवावे. हे उपकार नव्हेत, मजुरीचाच भाग आहे. बोईसर-तारापूरच्या कारखानदारांना आम्ही विचारतो, तुमच्या मशीनवर बारा-बारा तास उभा राहणारा कामगार ज्या खोलीत परततो तिच्या दाराशी गटार उघडे आहे आणि घुशी पायांत येतात, हे तुम्ही पाहिले आहे काय? तुमच्या मालाची शुद्धता तुम्ही प्रयोगशाळेत तपासता. तुमच्या कामगाराच्या तापाची शुद्ध नोंद का नको?

आणि अहवाल आला की तो मंत्रालयात अडकून राहता कामा नये. जनुकीय तपास हा शास्त्रज्ञांच्या निबंधापुरता उरला तर १९३१ च्या अंदमानी कागदाचीच पुनरावृत्ती होईल. ज्यांनी रक्त दिले त्यांना त्या रक्ताने काय सांगितले ते मराठीत, वारलीत, त्यांना समजेल अशा शब्दांत सांगितलेच पाहिजे. रक्त गावाचे आणि ज्ञान शहराचे, हा व्यवहार संपला पाहिजे.

येत्या आवणीआधी पालघरच्या जिल्हा प्रशासनाने गावे निवडावीत, नळ्या मागवाव्यात, परळच्या संस्थांशी लेखी करार करावा आणि तारीख जाहीर करावी. दिवाळीनंतर, भात झोडून झाले आणि माणसे जरा सावकाश बसली की, शिरगावची ग्रामसभा भरवावी. तिथे डॉक्टर आणि पशुवैद्य दोघांनी शेजारी शेजारी उभे राहून, रोग्यांची नावे न घेता, वाचून दाखवावे: यंदा किती तापांत जंतू सापडला, तो कोणत्या प्रकाराचा होता, आणि कोणत्या बांधावरच्या, कोणत्या गोठ्याजवळच्या, कोणत्या नाल्याकाठच्या जनावरात तोच सापडला. त्या सभेला आम्ही पहिल्या रांगेत येऊन बसू, आणि मागे आवणीवाल्या बाया बसलेल्या असतील.